मिरजेचा सूर आणि मेणाची तबकडी

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाला १९०२ साली प्रारंभ झाला, तेव्हा गवयासमोर माईक नसे. असे तो एक मोठा पत्र्याचा कर्णा. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी, एवढाच सारा सरंजाम. तबकडी फिरवण्याचे काम यंत्र करी, परंतु मेणात सुराची नागमोडी रेघ कोरण्यासाठी लागणारे बळ कोठूनही उसने मिळत नसे. ते सगळे गवयाच्या गळ्यातून निघून, हवेतून प्रवास करून सुईपर्यंत पोहोचावे लागे. त्यामुळे त्या काळातील गवयांना कर्ण्यात जवळजवळ डोके घालून मोठ्याने गावे लागे. ज्याचा आवाज दणदणीत, त्याची तबकडी चांगली उमटे.

अशा यंत्रासमोर १९०५ च्या सुमारास एक तरुण गवई बसला. त्याचा आवाज दणदणीत नव्हता. तो बारीक, टोकदार आणि मृदू होता. गळ्यावर जोर देऊन गाणे हे त्याच्या स्वभावातच नव्हते. किराणा घराण्याचे अध्वर्यू म्हणून पुढे ख्यातकीर्त झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ ते हेच. तीस वर्षांनंतर, आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, त्यांनी पुन्हा तबकड्यांसाठी गाणे गायिले आणि त्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. या दोन ध्वनिमुद्रणांच्या मधल्या काळात खाँसाहेबांच्या आयुष्यात पुष्कळ काही घडले. त्यातला एक भाग असा आहे, की त्याची नोंद संगीताच्या इतिहासाइतकीच विज्ञानाच्या इतिहासातही व्हायला हवी. सूर म्हणजे हवेतील तरंग, आणि तरंग मोजता येतो, या सिद्धांताच्या कसोटीला महाराष्ट्रात ज्यांचा गळा लावण्यात आला, ते खाँसाहेबच होते.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. याच गावाच्या नावावरून घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. घराण्यात गायनाबरोबर बीन आणि सारंगीही होती. या दोन वाद्यांचा सहवास पुढे त्यांच्या गायकीत स्पष्ट दिसला. तारेवर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाताना मधल्या जागा जशा ऐकू येतात, तशा त्या त्यांच्या गळ्यातून ऐकू येत. वाद्ये दुरुस्त करण्यातही त्यांचा हात चांगला बसला होता. गवयाला तंबोरा लावता येतो हे गृहीतच असते. तंबोरा बिघडला तर तो स्वतः दुरुस्त करणारे गवई मात्र विरळाच.

विसाव्या-बाविसाव्या वर्षी ते बडोद्याला आले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारात गवई झाले. तेथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांना ते गाणे शिकवू लागले. दोघांची मने जुळली. एक उत्तरेतला मुसलमान गवई आणि राजघराण्याच्या नात्यातली मराठा मुलगी, असा हा विवाह त्या काळी बडोद्यात मान्य होणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले. मुंबईमार्गे ते मिरजेला आले. दरबारची नोकरी गेली, आश्रय गेला. पुढील आयुष्य जाहीर जलसे आणि शिष्य यांच्या भरवशावर उभे राहिले.

मिरज तेव्हा पटवर्धन संस्थानिकांची राजधानी होती. गावात ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा, आणि त्याच गावात तंतुवाद्ये घडविणाऱ्यांची वस्ती. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, तलवारींचे दिवस सरल्यावर, सतार-तंबोऱ्यांकडे वळली. फरीदसाहेब शिकलगार हे या परंपरेतले आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तूनचे लाकूड यांतून त्यांनी जी वाद्ये घडविली, त्यांची कीर्ती देशभर पसरली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

मिरजेत खाँसाहेबांना प्लेगने गाठले. तो काळ असा, की प्लेगची गाठ आली म्हणजे घरचेही आशा सोडत. खाँसाहेब दर्ग्यात जाऊन गात बसले आणि बरे झाले, अशी मिरजेतली परंपरा आहे. त्यातली श्रद्धा बाजूला ठेवली तरी एवढे खरे, की तेव्हापासून मिरज हे त्यांचे गाव झाले. दौऱ्यावर ते कोठेही असले तरी दर्ग्याच्या उरुसाला हजेरी लावण्यासाठी परतत असत.

खाँसाहेबांच्या गाण्याचे सारे मर्म तंबोऱ्यात होते. मैफलीपूर्वी तंबोरे जुळविण्यात त्यांचा कितीतरी वेळ जाई. एखाद्या अधीर श्रोत्याला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटत असेल, परंतु त्या वेळात जे चालले होते ते समजून घेण्यासाठी थोडे भौतिकशास्त्रात शिरणे भाग आहे.

फलटण-माणच्या बाजूने मिरजेकडे येताना हिवाळ्यात ज्वारीची उभी शेते लागतात. वारा आला की शेताच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे लाट धावत जाते. ताट मात्र जागचे हलत नाही. ते थोडे वाकते आणि पुन्हा उभे राहते. शेतातल्या या लाटेला वारा सतत ढकलत असतो, तेवढा एक फरक सोडला तर ध्वनीचेही असेच आहे. गवयाच्या मुखातली हवा श्रोत्याच्या कानापर्यंत जात नाही. हवेचा एक थर दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येक थर पुन्हा आपल्या जागी येतो. साधारण २० अंश सेल्सियस तापमानाला हा धक्का सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने पुढे सरकतो. पुढे जाते ती ऊर्जा. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर लागोपाठच्या दोन धक्क्यांमधले अंतर, म्हणजे तरंगलांबी, सुमारे १.४३ मीटर भरते.

ही ऊर्जा किती असते? साध्या बोलण्यातून बाहेर पडणारी ध्वनीची शक्ती एका वॅटच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढी असते. साठ वॅटचा एक दिवा लावायचा तर साठ लाख माणसांना एकाच वेळी बोलावे लागेल. अशा बोलण्याने एक मीटर अंतरावरची हवा मागेपुढे हलते ती मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतकीच. आपला कान इतका तीक्ष्ण आहे, की ऐकू येण्याच्या अगदी खालच्या मर्यादेवर हवेचे हलणे एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी असते. शिवाय ही ऊर्जा चहूबाजूंना पसरत जाते. अंतर दुप्पट झाले की प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला ती एक चतुर्थांश येते, तिप्पट झाले की एक नवमांश. कर्ण्यात डोके घालून गाण्याचे कारण हेच. कर्णा नवी ऊर्जा निर्माण करीत नसे. रुंद तोंडाने गोळा केलेली ऊर्जा निमुळत्या टोकाशी एकवटून पडद्यावर सोडणे, इतकेच त्याचे काम.

उंच स्वर आणि मोठा स्वर हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांत मिसळले जातात. तारेने सेकंदाला किती वेळा हेलकावा घेतला यावर स्वराची उंची ठरते. हेलकावा किती रुंद यावर त्याचा मोठेपणा. कंपनसंख्या तीच राहून हेलकाव्याची रुंदी दुप्पट झाली, तर ऊर्जा चौपट होते. जोराने गाणारा गवई ही रुंदी वाढवीत असतो. खाँसाहेबांनी तो मार्ग कधी पत्करला नाही.

तंबोऱ्याची तार अतिशय बारीक. नुसती तार हवेत छेडली तर दोन हातांवरही नीट ऐकू येणार नाही, कारण इतक्या अरुंद वस्तूला हवा ढकलताच येत नाही. तार आपली ऊर्जा घोडीला देते, घोडी तबलीला, आणि तबली-भोपळा यांचा रुंद पृष्ठभाग ती हवेला देतो. ही ऊर्जा झटकन बाहेर पडली तर आवाज मोठा पण क्षणिक होतो. सावकाश पडली तर आवाज लहान पण दीर्घ राहतो. मिरजेच्या कारागिराचे कसब या देवघेवीचा मेळ साधण्यात असते.

आणखी एक गोष्ट घोडीवर घडते. छेडलेली तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. सबंध तार एका लयीत, तिचे दोन अर्धे दुप्पट लयीत, तीन तुकडे तिप्पट लयीत, अशी ही मालिका चालते. त्यातले तिप्पट कंपन म्हणजे वरच्या सप्तकाचा पंचम आणि पाचपट कंपन म्हणजे शुद्ध गांधार. कोणीही न लावलेला हा गांधार तंबोऱ्यातून ऐकू येतो, त्यालाच गवई स्वयंभू गांधार म्हणतात. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित वक्र असते आणि तार व घोडी यांमध्ये सुताचा धागा सरकवून जवारी काढली जाते. तार त्या वक्र पृष्ठभागाला हलकेच चाटत राहते आणि तिची ऊर्जा खालच्या कंपनांतून वरच्या कंपनांत वाटली जाते. या घोडीवर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली, तेथे स्थिर राहणारे उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र ते येतात, हे त्यांनी दाखविले. पाश्चात्त्य वाद्यांवरून बांधलेला नियम आपल्या घोडीने मोडला होता. मिरजेच्या कारागिरांना नियम ठाऊक नव्हता. तो मोडण्याची रीत मात्र त्यांच्या बोटांत पिढ्यानुपिढ्या होती.

अशा गावात, अशा तंबोऱ्यांच्या सहवासात राहणाऱ्या गवयाकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे लक्ष गेले, यात नवल नाही. देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांना एकच ध्यास होता. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या श्रुती म्हणजे नेमक्या किती कंपनांच्या, हे त्यांना प्रयोगाने ठरवायचे होते. युरोपात हेल्महोल्ट्झ यांचा ध्वनिसंवेदनेवरील ग्रंथ १८६३ मध्ये निघाला होता आणि सुरांचे नाते पूर्णांकांच्या गुणोत्तरात मांडण्याची दिशा त्यातून मिळाली होती. देवलांचे काम त्याच वाटेवरचे.

त्यांचे मुख्य साधन म्हणजे ताणलेली तार आणि मोजपट्टी. ताण कायम ठेवला तर तारेची लांबी जितकी कमी, तितकी कंपनसंख्या जास्त. ३६ इंचांच्या तारेवर षड्ज मिळाला तर २४ इंचांवर पंचम मिळतो, २७ इंचांवर मध्यम. गांधार तीन बाबींमुळे अधिक रंजक आहे: तो तंबोऱ्यात आपोआप ऐकू येतो, गवयाचा कान त्याला ओळखतो, आणि तो २८.८ इंचांवर, म्हणजे पाचास चार या सरळ गुणोत्तरावर येतो. गवयाने स्वर लावायचा, तारेवर तो जुळवायचा, लांबी मोजायची, असा हा उद्योग. त्यासाठी गळा असा हवा, की स्वर लावल्यावर तो डळमळणार नाही. खाँसाहेबांचा गळा तसा होता. त्यांनी या प्रयोगांना साथ दिली. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये निघाला. त्यात एकाच स्वराच्या दोन-दोन जागा गुणोत्तरांनी दिलेल्या आहेत. षड्ज २४० धरल्यास एक शुद्ध ऋषभ २७० कंपनांचा, तर दुसरा त्याहून किंचित खाली, २६६ आणि दोन तृतीयांश कंपनांचा. दोहोंत अंतर अवघे साडेतीन कंपनांच्या आत-बाहेरचे. परंतु तंबोऱ्यासमोर बसलेल्या सुरेल माणसाला ते ऐकू येते.

ते का ऐकू येते, हेही तरंगांवरूनच कळते. २४० आणि २४२ कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले तर त्यांचे तरंग सेकंदातून दोनदा एकमेकांना साथ देतात आणि दोनदा एकमेकांना मारतात. आवाज सेकंदातून दोनदा फुगतो आणि दोनदा ओसरतो. या फुगण्या-ओसरण्याला विस्पंद म्हणतात. तंबोरा जुळविताना गवई खुंटी आणि मणी सरकवतो, तेव्हा त्याचा कान या विस्पंदांवरच असतो. ते मंदावत जातात, आणि नाहीसे झाले की तारा मिळाल्या. यात ऊर्जा वाढत नाही. जेथे दोन तरंग साथ देतात तेथे ती जास्त दिसते, जेथे मारतात तेथे तितकीच कमी, बेरीज तीच. जुळलेल्या सुराने ऊर्जेत भर पडत नाही, तिची विस्कळित वाटणी मात्र थांबते. खाँसाहेबांचा लहानसा आवाज मोठ्या सभागृहात का पोचत असे, याचे एक उत्तर येथे आहे. दुसरे उत्तर त्यांच्या आवाजाच्या जातीत सापडते. बारीक, टोकदार आवाजात वरच्या उपस्वरांचा वाटा मोठा असतो, आणि सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या टापूत आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. तेवढ्याच ऊर्जेत असा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो.

विलायतेतून आलेल्या हार्मोनियमवरचा राग याच कारणाने होता. तिचे बारा स्वर सप्तकात समान वाटलेले असतात. तिचा पंचम जवळपास बरोबर असतो, पण गांधार ३०० ऐवजी ३०२.४ कंपनांचा येतो. तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार आणि हार्मोनियमचा गांधार यांचे उपस्वर एकमेकांवर आदळून सेकंदाला नऊ-दहा विस्पंद निर्माण होतात. देवल आणि त्यांचे सहकारी, आयसीएसमधले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स, यांनी यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करविली. क्लेमेंट्स यांचा हिंदी संगीतावरील ग्रंथ १९१३ मध्ये आला.

या सगळ्याची जाहीर परीक्षा मार्च १९१६ मध्ये झाली, आणि तीही बडोद्याला. ज्या शहरातून खाँसाहेब ताराबाईंसह निघून गेले होते, त्याच शहरात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. परिषदेचे सूत्रधार होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. देवल आणि क्लेमेंट्स यांनी आपला सिद्धांत आणि श्रुती-हार्मोनियम तेथे मांडली. परिषदेने तिचा स्वीकार केला नाही. भातखंडे यांची पद्धती बारा स्वरांवर आणि दहा थाटांवर उभी होती, आणि महाविद्यालयांतून शिकविण्यास तीच सोयीची ठरली. पुढील शतकात विद्यार्थी जे शिकले ते भातखंड्यांचे.

देवल हरले, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. त्यांचे गणित चुकले नव्हते. पाचास चार हे गुणोत्तर निसर्गाचे आहे, ते कोणत्याही परिषदेच्या ठरावावर अवलंबून नाही. अडचण दुसरीकडे होती. गाताना स्वर एका बिंदूवर उभा राहत नाही. दरबारीचा गांधार झुलतो, भैरवचा ऋषभ झुलतो, आणि त्या झुलण्यातच राग असतो. १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून उत्तर हिंदुस्थानी गायक-वादकांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हाही स्वरांच्या जागा ठाम खुंट्यांसारख्या आढळल्या नाहीत. देवलांनी खाँसाहेबांचा थांबलेला स्वर मोजला. चालता स्वर मोजण्याचे साधन १९१० मध्ये नव्हतेच. तरीही सांगलीतल्या एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याने एक तार, एक मोजपट्टी आणि एक गळा घेऊन हा प्रश्न हाती घेतला, याचे मोल फारसे कोणी केले नाही. खाँसाहेबांविषयी लिहिताना अनेक जण हा अध्याय एका वाक्यात उरकतात, हे योग्य नव्हे.

परिषदेपूर्वीच, १९१३ च्या सुमारास, खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविण्यास आरंभ केला होता. शिष्यांचे राहणे-जेवणे गुरूच्या खर्चाने आणि खर्च भागे तो गुरूच्या जलशांतून. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे त्यांचे आधीचे शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी पुढे गुरूचे सविस्तर चरित्रही लिहिले. दक्षिणेतही खाँसाहेब रमले. म्हैसूर दरबारात त्यांचा मान झाला, कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपल्या गायकीत आणली आणि त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रितही केली. उत्तरेकडचे गवई दक्षिणेकडे पाहतही नसत, त्या काळातली ही गोष्ट.

घर मात्र टिकले नाही. १९२० च्या सुमारास ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. मुलांनी पित्याचे नाव बाजूला ठेवले. थोरले अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, १९०५ मध्ये मिरजेत जन्मलेली चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, सकीना सरस्वती राणे या नावाने ओळखली जाऊ लागली. हिराबाईंना पुढची तालीम सुरेशबाबू आणि उस्ताद वहीद खाँ यांच्याकडून मिळाली. या मुलांच्या गाण्यात पित्याचा सूर होता, हे सर्व महाराष्ट्राने ऐकले. पित्याने ते कोणत्या मनाने ऐकले असेल, याची नोंद कोणत्याही तबकडीवर नाही.

१९२५ नंतर ध्वनिमुद्रणाची तऱ्हा पालटली. कर्णा गेला आणि माईक आला. आता गळ्यातल्या तरंगाने मेण कोरायचे नव्हते. माईकमधला पडदा हलवायचा, त्या हलण्यातून विजेची बारीकशी लहर उत्पन्न होई आणि वर्धक तिला बाहेरच्या विजेची ऊर्जा पुरवून मोठी करी. सुईला बळ मिळे ते विजेचे. तरंगाकडून घ्यायचा तो केवळ आकार. कर्ण्याच्या काळात अडीच हजार कंपनांच्या पलीकडचे बहुतेक उपस्वर हरपत असत. ते आता काही प्रमाणात तबकडीवर उतरू लागले. हळू गाणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी क्रांती होती. जोर लावणाऱ्या गवयाचा फायदा संपला आणि बारीक नक्षीकामाला न्याय मिळाला.

ओडियन कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्याला खाँसाहेबांच्या तबकड्या काढल्या, त्या या यंत्रावर. वय साठीपुढे गेलेले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. दोन-दोन तास बढत करणाऱ्या गवयाला हे तुरुंगच वाटायला हवे होते. परंतु झिंजोटीतील ठुमरी, भैरवीतील ठुमरी, वसंत, शुद्ध कल्याण आणि मराठी नाट्यपदे यांत त्यांनी तीन मिनिटांत सारे सांगितले. झिंजोटीतल्या त्या ठुमरीत स्वर कोठे सुरू झाला आणि तंबोरा कोठे संपला, हे कळत नाही. या ध्वनिमुद्रिका गदगच्या एका मुलाच्या कानी पडल्या आणि त्याला वेड लागले. गुरूच्या शोधात हिंडून तो अखेर खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, पोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासकडे दौऱ्यावर होते. तेथून ते पाँडिचेरीला निघाले. रात्रीच्या प्रवासात त्यांच्या छातीत दुखू लागले. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना घातला. अस्वस्थता वाढली तेव्हा त्यांनी तंबोरा काढण्यास सांगितले, तो जुळवून घेतला आणि दरबारीत कलमा गायिला, असे त्यांच्या शिष्यपरिवारात सांगितले जाते. त्यानंतर ते आडवे झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, पासष्टी गाठण्याआधी काही दिवस, त्यांचे निधन झाले.

तेथून त्यांचा देह मिरजेला आणण्यात आला. ज्या दर्ग्यात त्यांनी प्लेगातून उठून गाणे गायिले, त्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाच्या दिवसांत तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. देशभरातले गवई येतात, आणि गाण्यापूर्वी मिरजेचे तंबोरे जुळविण्यात त्यांचा बराच वेळ जातो.